एकदा बाहेर पडून परत आत या

‘आपला पासवर्ड चुकीचा आहे’ असा आरोप दामोदर टिपणिसांवर पहिल्यांदा झाला तो जानेवारीतल्या एका सोमवारी, सकाळी सव्वादहाला. तोही स्वतःच्या घरात, स्वतःच्या टेबलावर आणि ज्याला ते रोज मऊ फडक्याने पुसत त्या कॉम्प्युटरकडून. रोह्याच्या शाळेत छत्तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या माणसाला चुका दाखवायची सवय असते, ऐकून घ्यायची नसते. त्यांनी चष्मा पुसला आणि एकेक अक्षर तोंडाने म्हणत पासवर्ड पुन्हा भरला. पासवर्ड बरोबरच होता. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे पद्मजाबाईंनी तो स्वतःच्या हाताने लिहून ठेवला होता, आणि त्यांचं अक्षर असं की वाण्याची यादीसुद्धा फळ्यावर लावावी. यंत्राने तो घेतला, दोन क्षण विचार केल्यासारखं केलं आणि पुन्हा तेच सांगितलं. लॉगइन अयशस्वी.

आता मुळात हा उद्योग कशासाठी, हे सांगायला हवं. रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावातल्या टिपणिसांच्या घरात गॅसचं कार्ड एक, रेशनकार्ड एक, तसा मेलही एकच. तो पद्मजाबाईंच्या नावावर होता, कारण कॉम्प्युटर शिकल्या त्या. मास्तरांची पेन्शनची पावती, विजेचं बिल, तनयाचे बेंगळुरूहून येणारे फोटो, सगळं तिथेच यायचं. बँकेच्या पासबुकावर ‘दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील तो’ असं लिहिलेलं असतं, तसंच मेलचंही असणार अशी मास्तरांची समजूत होती. मागच्या फेब्रुवारीत पद्मजाबाई गेल्या. मास्तर मागे राहिले. मेल ब्राउझरमध्ये उघडाच होता, कडी न लावता नुसत्या लोटून ठेवलेल्या दारासारखा, आणि महिन्यातून एकदा मास्तर त्या दारातून पेन्शनची पावती उचलून परत यायचे. आत हिंडायची त्यांना हिंमत होत नव्हती.

त्या सोमवारी मात्र मेलच्या माथ्यावर एक लाल पट्टी आली होती. जागा भरत आली आहे, काहीतरी करा, अशा अर्थाची. ती वाचता वाचता मास्तरांची नजर डावीकडे गेली. तिथे लिहिलं होतं, मसुदे (१). त्यांनी ते उघडलं. एकच ओळ होती. कुणाला पाठवायचं ती जागा रिकामी. तारीख मागच्या वर्षीच्या एकोणतीस जानेवारीची, म्हणजे पनवेलच्या दवाखान्यातली. आणि विषय, ‘ह्यांच्यासाठी’.

‘ह्यांच्यासाठी’ म्हणजे कुणासाठी, हे त्या घरात विचारायची गरज नव्हती.

दुसऱ्या कुणीही त्या ओळीवर तिथल्या तिथे बोट दाबलं असतं. मास्तरांनी उंदरावरचा हात काढून घेतला. हा माणूस असा की नव्या फ्रिजचं प्लास्टिक आठ वर्षं काढलं नाही. निवृत्तीला मिळालेलं शाईचं पेन ‘चांगल्या कामाला’ म्हणून खणात ठेवलं, ते खणातच वाळलं. पद्मजाने लिहिलेलं काहीतरी असं उभ्या-उभ्या, लाल पट्टीच्या खाली बसून वाचायचं? छे. आधी सगळा मेल कॉम्प्युटरमधल्या त्या पत्रव्यवहाराच्या प्रोग्रॅममध्ये उतरवून घ्यायचा, खणवार लावायचा, कागदावर छापून घ्यायचा, आणि वर्षश्राद्धाच्या दिवशी आंघोळ करून, पाटावर बसून वाचायचा. अठरा दिवस हातात होते.

हे झालं सांगायचं कारण. खरं कारण त्याच्या खाली होतं आणि ते मास्तरांना ठाऊक होतं. दवाखान्यात पद्मजाबाई म्हणाल्या होत्या, “अहो, थोडं सांगायचंय.” मास्तर म्हणाले होते, “आधी बरी हो, मग सांग.” असं तीनदा झालं. चौथ्यांदा त्या काही म्हणाल्या नाहीत. त्या मसुद्यात काय असेल याची मास्तरांना भीती वाटत होती, आणि भित्र्या माणसाला नीटनेटकेपणाइतकी सोयीची लपायची जागा दुसरी नाही.

तर लॉगइन अयशस्वी. प्रोग्रॅमने सर्व्हरचं नाव विचारलं, ते मास्तरांनी भरलं. त्याने पोर्ट नंबर विचारला, आणि स्वतःच ९९३ असा सुचवला. मास्तरांना धरमतर, रेवदंडा, जंजिरा ही बंदरं ठाऊक; पश्चिम किनाऱ्यावर ९९३ बंदरं असल्याचं कुठल्याही पाठ्यपुस्तकात नव्हतं. तरी भरलं. अयशस्वी. त्यांनी तनयाला फोन लावला.

“बाबा, ब्राउझरमध्ये दिसतंय ना सगळं? मग ते डेस्कटॉपचं खूळ कशाला?”

“घरात कपाट असताना कपडे दोरीवर ठेवतं का कुणी?”

“मीटिंगमध्ये आहे बाबा, संध्याकाळी बोलते.” मसुद्याचं मास्तर तिला बोलले नाहीत. बोलले असते तर तिने तिथल्या तिथे वाचायला लावला असता.

औषधाच्या दुकानातला प्रविण रक्तदाबाच्या गोळ्या बांधता बांधता म्हणाला, “सर, मेलच्या सेटिंगमध्ये आयमॅप नावाचं बटण असतं, ते चालू करा. मंग बघा कसा पळतो.” मास्तरांनी घरी येऊन ते शोधलं, चालू केलं. प्रोग्रॅम पळाला नाही. तो तिथेच उभा राहून म्हणत राहिला, पासवर्ड चुकीचा. सहाव्या वेळेला मास्तरांना वाटायला लागलं की हा पासवर्डबद्दल बोलत नसून एकूणच बोलतोय.

अशा नाजूक घटकेला हैबतराव आले.

हैबतराव शेजारचे. तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममधून निवृत्त झालेले. जगातला कुठलाही बिघाड ‘एकदा बाहेर पडून परत आत आलं’ की जातो, असा त्यांचा सिद्धान्त होता. मिक्सर, स्कूटर, केबलचा डबा, सगळ्यांवर त्यांनी तो वापरला होता. धाकट्या मुलाच्या संसारात कुरबुरी सुरू झाल्या तेव्हा त्यांनी सुनेला पंधरा दिवस माहेरी पाठवून परत आणलं, आणि योगायोगाने कुरबुरी थांबल्या. तेव्हापासून त्यांची श्रद्धा हलवणं देवालाही शक्य नव्हतं.

“काय नाय हो सर, सोप्पं हाय,” त्यांनी पडद्याकडे बघत निदान केलं. “तुमचा मेल ब्राउझरमध्ये अडकलाय. एका येळी दोन ठिकानी कसा राहील तो? आधी तिकडनं त्याला बाहेर काढा, परत आत घ्या. ताजा ताजा पासवर्ड मारा. धावत येईल.”

“पण तिकडे तो नीट चाललाय, हैबतराव.”

“नीट चाललेला नाय तो, सर. साचून राहिलाय.”

शिक्षकाला न कळलेल्या गोष्टीबद्दल कुणी ठामपणे बोललं की त्याचा विरोध मावळतो. परीक्षक म्हणून त्याने आयुष्यभर ठामपणालाच अर्धे गुण दिलेले असतात. मास्तरांनी बाण नेला आणि ‘बाहेर पडा’वर दाबला. पद्मजाबाईंनी कधीतरी उघडलेलं, वर्षभर तसंच राहिलेलं ते पान मिटलं. त्या जागी एका ओळीची स्वच्छ सूचना आली, की आपण यशस्वीरीत्या बाहेर पडला आहात. सकाळपासून यशस्वी झालेली ती पहिली गोष्ट.

“आता या आत,” हैबतराव म्हणाले.

मास्तरांनी पासवर्ड भरला, आणि आश्चर्य असं की तो इथे बरोबर निघाला. पण दार उघडलं नाही. हे आपणच आहात याची खात्री करायची आहे, असं पडद्यावर आलं. ४७ ने संपणाऱ्या मोबाइलवर सहा आकडी कोड पाठवला आहे, तो दहा मिनिटांत भरा.

“बघा, पासवर्ड बरोबर निघाला का नाय?” हैबतराव म्हणाले आणि त्यांना एकाएकी गॅसवर ठेवलेलं दूध आठवलं.

४७ ने संपणारा नंबर पद्मजाबाईंचा. तो फोन घरात नव्हता. दोन महिने दवाखान्यात उशाशी बसलेल्या जानीला तो द्यायचा, आणि नंबर बंद करायचा नाही, असं पद्मजाबाईंनी बजावलं होतं. तेराव्या दिवशी गेलेल्या माणसाच्या वापरातल्या वस्तू द्यायची रीत आहेच. भटजींना छत्री आणि चपला गेल्या, नणंदेला शाल, आणि जानीला फोन. चांगला चालता फोन कामवाल्या कातकरणीला, म्हणून नातेवाइकांनी तोंडं वाकडी केली. मास्तरांनी आयुष्यात क्वचित दाखवलेला ठामपणा त्या दिवशी दाखवला आणि फोन दिला. त्यानंतर जानी नवऱ्याबरोबर, काळूबरोबर, पेणजवळ जोह्याला गणपतीच्या कारखान्यात कामाला गेली. मास्तरांनी तिला एकदाही फोन केला नव्हता. त्याला कारण होतं. त्यांच्या मोबाइलमध्ये तो नंबर अजून ‘पद्मजा’ या नावानेच होता. ते नाव बदलायचं तर आधी ते पुसावं लागलं असतं.

त्यांनी नाव दाबलं. पडद्यावर ‘पद्मजा’ आलं, खाली ‘कॉल करत आहे’. मग एका बाईचा गोड, अनोळखी आवाज म्हणाला, की या क्रमांकावर इनकमिंग सेवा बंद आहे.

रोह्यातल्या मोबाइलवाल्याने हात वर केले. हे काम पेणच्या ऑफिसचं. मंगळवारी सकाळी मास्तरांनी घराची किल्ली हैबतरावांकडे दिली, कोड आला तर भरायला घरी कुणीतरी हवं म्हणून. पद्मजाबाईंचं आधार कार्ड, मृत्यूचा दाखला, दोघांचा लग्नातला फोटो (कुठे काय मागतील सांगता येत नाही) असं सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि पॅसेंजरने पेणला उतरले. फोनच्या कंपनीच्या काउंटरवर एक मुलगी होती. गळ्यातल्या पट्ट्यावर किमया असं नाव होतं. ती फार गोड बोलत होती, आणि मास्तरांना अनुभवाने माहीत होतं की काम होणार नसलं की माणसं गोड बोलतात.

“सर, कस्टमर स्वतः आल्या तर पाच मिनिटांचं काम आहे.”

“त्या येऊ शकत नाहीत.”

“आजारी आहेत का? मग ऑथोरिटी लेटर चालेल. फक्त त्यांची सही लागेल.”

मास्तरांनी दाखला पुढे सरकवला. किमयाने तो वाचला. तिचा चेहरा उतरला, आणि मग तिने इकडेतिकडे बघून तो दाखला हळूच मास्तरांकडे परत सरकवला. “सर, हा मला दाखवू नका. हा दाखवलात तर मला नियमाने नंबर बंद करायला लागेल.”

“म्हणजे त्या गेल्यात हे मी सिद्ध केलं तर नंबर जाणार, आणि नाही केलं तर त्यांनी स्वतः यायला हवं?”

“हो सर.”

भूगोलाचे मास्तर होते म्हणून त्यांनी पृथ्वी गोल असल्याचं मान्य केलं, पण इतकी गोल असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. मास्तर उठायला लागले. किमया आवाज बारीक करून म्हणाली, “नंबर अजून जिवंत आहे, सर. सिम कुणाच्या तरी फोनमध्ये आहे. नुसता रिचार्ज संपलाय. शेजारच्या दुकानात रिचार्ज मारा. त्याला दाखला लागत नाही.”

शेजारच्या दुकानात दोन मिनिटांत रिचार्ज झाला. मास्तर पायरीवर येऊन उभे राहिले. समोरच्या रस्त्यावरून कच्च्या गणपतींनी भरलेला टेम्पो चालला होता. सगळे बिनरंगाचे, डोळ्यांची आखणी व्हायची बाकी. मास्तर त्यांच्याकडे बघत होते आणि खिशातला फोन वाजला. त्यांनी काढून बघितला. पडद्यावर लिहिलं होतं, पद्मजा.

एकदाच वाजला आणि थांबला. मिस्ड कॉल.

मास्तर मटकन पायरीवर बसले. लगेच चार माणसं जमली. एकाने लिंबूसरबत सांगितलं, एकाने साखर कमी झाली असणार म्हणून पेढा सांगितला, एकाने साखर वाढली असणार म्हणून पेढा काढून घेतला. एका बाईने फोनच्या पडद्याकडे वाकून बघितलं आणि म्हणाली, “अवो बाबा, बायको फोन करतेय ना तुमची? मंग उचला की. घरी काळजी करत आसंल ती.”

मास्तरांनी परत फोन लावला.

“मास्तर?” पलीकडून जानी ओरडली. फोनवर ओरडल्याशिवाय आवाज जोह्याहून पेणला पोचत नाही असा तिचा समज होता. “पैसं तुमी टाकलं का? मेसेज आला तसा मी वळखलं. दुसरं कोन टाकनार मला पैसं?”

मास्तर तिला म्हणाले, “तिथेच थांब,” आणि जोह्याच्या एसटीत बसले. फोनवर काम झालं असतं, पण इतकं साधं सुचायला डोकं ठिकाणावर लागतं, आणि मास्तरांचं डोकं अजून त्या पायरीवर होतं.

जोह्याचा तो कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड. आत ओळीने शेकडो गणपती, आणि त्यांच्यामध्ये जानी घासकामाला बसलेली, केसांपासून पायांपर्यंत पांढरी. तिने मास्तरांना बघितलं, हसली आणि नेमकी तेव्हाच रडलीही. “मास्तर, किती वाळल्यात वो तुमी,” ती म्हणाली. काळूने एक उलटी बादली पुसून बसायला दिली.

शेडमध्ये फोनला रेंज नव्हती. रेंज होती ती बाहेर, शेताच्या बांधावर, वालाच्या वेलांपाशी, आणि तीही पूर्वेकडे तोंड केलं तर. तिघे बांधावर गेले. मास्तरांनी स्वतःच्या फोनवरून अष्टमीला हैबतरावांना लावला.

“हैबतराव, कॉम्प्युटरसमोर आहात?”

“खुर्चीत बसलोय, सर. चहा पन केला तुमच्या घरात. साखर सापडली नाय.”

“पासवर्ड भरा आणि ‘कोड पाठवा’ दाबा. एकदाच दाबा.”

वालावरून वारा गेला. जानीच्या हातातल्या फोनवर काही आलं नाही.

“आला का?” हैबतराव.

“नाही अजून. थांबा.”

“परत दाबतो.”

“नको!”

“दाबला.”

मग दोन्ही कोड एकदम आले. जानीचे हात पांढऱ्या भुकटीने माखलेले, तिच्या बोटाला फोनचा पडदा दाद देईना. तिने हात पदराला पुसले, पदर आणखी पांढरा. मास्तरांनी फोन घेऊन पहिला कोड वाचून दाखवला. तो चुकला, कारण दुसरा आल्यावर पहिला बाद होतो. दुसरा वाचेपर्यंत हैबतरावांनी तिसरा मागवला होता, पडदा थांबलेला त्यांना बघवत नव्हता. तिसरा वाचला तेव्हा रेंज गेली आणि शेवटचे दोन आकडे हैबतरावांनी अंदाजाने घातले. नंतर ते म्हणाले की रेकॉर्ड रूममध्ये असं चालायचं.

“सर,” थोड्या वेळाने त्यांचा आवाज आला. तो बारीक झाला होता. “ह्यो आता म्हनतो, फार प्रयत्न झाले. चोवीस तासांनी या.”

मास्तर बांधावर उभे राहिले. चोवीस तासांनी तरी उघडेल याची खात्री कोण देणार? वर्षभर उघडं होतं. नुसतं एक बोट दाबायचं होतं. आपण ते दाबलं नाही. कपाट पाहिजे म्हणून हट्ट केला, आणि शेजाऱ्याच्या सांगण्यावरून ते दार आपल्याच हाताने लावून घेतलं. मूर्खपणा, दुसरा शब्द नाही. त्यांनी दुसरा शोधलाही नाही.

जानी एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला आली. वाटेत ती म्हणाली, “मास्तर, तुमी कशाला आलात येवढं लांब? मला वाचता येतात की आकडं.”

“तुला?”

“व्हय. बायनी शिकवलं. दवाखान्यात, तुमी जेवायला जायचात तवा. अक्षरं नाय, आकडंच. म्हनल्या, जाने, मला येळ कमी हाय, तर आकडं तेवढं शीक. ह्या फोनवर कवातरी सहा आकडं येतील, ते मास्तरांना येक-येक करून सांग, घाई करू नको. आनि नंबर जाव देव नको.” ती जरा थांबली. “मी दर म्हयन्याला भरत व्हते पैसं. मागचं दोन म्हयनं काम नव्हतं, मंग राहिलं. पन वाट बघत व्हते मी. वरीस झालं. आकडं काय येत नव्हतं.”

“उद्या चारच्या सुमाराला बांधावर थांब,” मास्तर म्हणाले. एसटी आली. खिडकीतून त्यांनी बघितलं तर जानी फोन पदरात गुंडाळून कमरेला खोवत होती.

बुधवारी मास्तरांनी हैबतरावांना घरात घेतलं नाही. तब्येत बरी नाही म्हणून दाराच्या फटीतूनच सांगितलं. तीन वाजून चाळीस मिनिटांनी चोवीस तास होत होते. मास्तर आणखी दहा मिनिटं थांबले, यंत्राचं घड्याळ मागे असेल म्हणून. मग पासवर्ड भरला, ‘कोड पाठवा’ एकदा दाबलं आणि दोन्ही हात मांडीखाली घालून बसले.

फोन वाजला. पद्मजा. या वेळी त्यांनी लगेच उचलला.

“मास्तर, आलं आकडं. लिवा. चार.”

“चार.”

“शून्य. मंग नऊ. झालं? परत नऊ. मंग दोन. मंग सात. सहा झालं. मी परत सांगू का?”

“नको,” मास्तर म्हणाले. “बरोबर आहेत.”

दार उघडलं. लाल पट्टी तशीच होती, डावीकडे मसुदे (१) तसंच होतं. मास्तरांच्या मनात क्षणभर आलं, की आता आत आलोच आहोत तर आधी तो प्रोग्रॅम नीट लावून घ्यावा आणि मग सवडीने... आणि त्यांना स्वतःचीच शिसारी आली. त्यांनी ‘ह्यांच्यासाठी’वर बोट दाबलं. चष्मा पुसायचा राहिला होता, तो तसाच राहिला.

“अहो,

समोर बसून सांगणार होते, पण तुम्ही म्हणता आधी बरी हो. ते काही माझ्या हातात दिसत नाही. म्हणून इथे लिहिते. इथे मधेच कुणी बोलत नाही.

गॅसचं कार्ड देवघराच्या खालच्या खणात आहे. टाकीचा कॉक डावीकडे फिरवला की बंद होतो, तुम्ही उजवीकडे फिरवत बसता. साखर निळ्या डब्यात.

माझा फोन जानीला द्या आणि नंबर बंद करू नका. कोड त्यावर येतो. तिला आकडे शिकवलेत. तुमच्या दहावी ‘ब’पेक्षा लवकर शिकली.

हा मेल ब्राउझरमध्ये उघडाच राहू द्या. हैबतराव भावजी काहीही सांगोत, बाहेर पडू नका.

तरी तुम्हाला सगळं कपाटात लागतं, म्हणजे तुम्ही हा मेल त्या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये घालायला जाणारच. त्याला नेहमीचा पासवर्ड चालत नाही. बरोबर घातला तरी चुकीचा म्हणतो. तुमचं काही चुकत नसतं, मनाला लावून घेऊ नका. त्याच्यासाठी वेगळा सोळा अक्षरांचा पासवर्ड करावा लागतो. तो मी दवाखान्यात यायच्या आधीच करून मेतकुटाच्या बरणीच्या झाकणात आतून चिकटवलाय. मेतकूट महिन्याभरात संपेल, म्हणजे तुम्हाला सापडेलच. ठेवून ठेवू नका, खवट होतं.

तनयाला गुरुवारी दोन ओळी लिहीत जा. हवामान लिहू नका.

आणखी एक सांगायचंय. पण ते लिहिण्यासारखं नाही. ते घरी आले की समोरच सांगेन. तेव्हा मात्र ऐका.”

खाली काही नव्हतं. मास्तरांनी पान खाली ओढून बघितलं. परत ओढून बघितलं. मग टेबलावर डोकं ठेवून ते रडले, वर्षभराचं राहिलेलं.

स्वयंपाकघरात मेतकुटाची बरणी फळीवर शेवटची होती. पाऊण भरलेली. तिच्या हातचं शेवटचं म्हणून मास्तरांनी ती वर्षभर उघडलीच नव्हती. त्यांनी झाकण काढून उलटं केलं. चिकटपट्टीखाली कागदाचा कपटा होता, आणि त्यावर सोळा अक्षरं, चार-चारच्या गटात, वाण्याच्या यादीसारखी स्वच्छ. त्यांनी ती जाऊन प्रोग्रॅममध्ये भरली. प्रोग्रॅमने काहीएक कुरबुर केली नाही. अकरा वर्षांचे मेल एकामागून एक खाली उतरायला लागले आणि आपापल्या खणात जाऊन बसायला लागले, अगदी मास्तरांना हवं होतं तसं.

बेल वाजली. दारात हैबतराव, हातात तब्येतीसाठी काढा करायला आणलेली लिंबाची दोन पानं आणि चेहऱ्यावर अपराधी काळजी. त्यांनी मास्तरांच्या खांद्यावरून आत पडद्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा फुलला.

“झालं ना लॉगइन! मी म्हनत नव्हतो? आता येकच करा सर, पक्कं झालं का बघायला. एकदा बाहेर पडून परत आत...”

दामोदर टिपणिसांनी आयुष्यात पहिल्यांदा शेजाऱ्याच्या तोंडावर दार लावलं. पलीकडून बराच वेळ “सर? सर, काय चुकलं का माझं?” असं ऐकू येत होतं.

संध्याकाळी त्यांनी भात लावला. त्यावर तूप घेतलं, आणि बरणीतलं तीन चमचे मेतकूट. ते खवट झालं होतं. त्यांनी ताटात काही ठेवलं नाही.